धाकलीचा दावा

खिडकीतून अर्ज घ्यायला मी हात बाहेर काढला की सिस्टर अर्ज द्यायच्या आधी माझं मनगट धरायच्या. त्यांच्या डाव्या खांद्याजवळ साडीला एक घड्याळ उलटं टाचलेलं असायचं. मान वाकडी करून त्याच्याकडे बघत, ओठ हलवत मोजायच्या आणि मग अर्ज माझ्या हातात ठेवायच्या. "नाडी बरी हाय," म्हणायच्या, "चा कमी करा." मागे रांगेत उभा असलेला पक्षकार गोंधळून जायचा. नक्कल हवी असेल तर आधी कारकुनाची प्रकृती तपासावी लागते, असा काही नवा नियम निघाला की काय, असं त्याला वाटायचं.

हे इंदापूरच्या कोर्टातलं, नव्वदच्या दशकातलं. मी नक्कल विभागात कारकून होतो. जुन्या दाव्यांचे कागद शोधायचे आणि लोकांना त्यांच्या नकला काढून द्यायच्या, हे माझं काम. तुमच्यापैकी कुणी कधी त्या खिडकीसमोर उभं राहिलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे कुणी हसत येत नाही. कुणाचा बांध भावाने कोरलेला असतो, कुणाला वडिलांनी करून ठेवलेला उद्योग ते गेल्यावर कळलेला असतो. सिस्टर तेवढ्या हसत यायच्या.

नरसिंहपूरकडच्या एका गावच्या त्या. आरोग्य केंद्रात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, पण पांढरी साडी आणि टाचलेलं घड्याळ काही सुटलं नव्हतं. दर सोमवारी सकाळच्या एसटीने यायच्या. अर्जावर त्यांचं पूर्ण नाव असायचं, पण सगळं कोर्ट त्यांना सिस्टरच म्हणायचं, तेव्हा मीही इथे तेच म्हणतो. त्या मला भाऊसाहेब म्हणायच्या. "माझं काम सापडलं का, भाऊसाहेब?" असं विचारायच्या. मी नाही म्हटलं की ठरलेलं वाक्य यायचं. "घाई न्हाय, पर इसरू नका."

विसरायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती. कोर्टाचा पैशाअडक्याचा हिशेब बघणाऱ्या आमच्या नाझरसाहेबांची त्यांनी एकदा पापणी खाली ओढून बघितली आणि सगळ्या ऑफिससमोर जाहीर केलं, "रगत कमी हाय. शेंगदाणं-गूळ खावा. सायबपणा नुसता चेहऱ्यावर हाय." नाझरसाहेब दुसऱ्या दिवसापासून टेबलाच्या खणात शेंगदाणे ठेवायला लागले. आम्हीही त्यातले खायचो.

एकदा एक वकील माझ्या खिडकीशी तारस्वरात भांडत होते. नक्कल वेळेत मिळाली नाही, वर तक्रार करतो, वगैरे. सिस्टर मागून आल्या, वकिलांचा खिडकीच्या फळीवर आपटता हात वरच्यावर धरला आणि नाडी बघू लागल्या. नाडी बघताना बोलायचं नसतं, ही समजूत माणसाच्या हाडात असते. वकीलसाहेब गप्प झाले. सिस्टरनी मोजून झाल्यावर त्यांना बाकावर बसवलं आणि पाणी मागवलं. पुढे ते वकील मला आधी नमस्कार करायला लागले.

मी मूळचा सुप्याचा. आमच्याकडे पाणी कमी आणि चौकशा जास्त. त्यामुळे या बाईंना नेमकं काय हवं आहे, हे मला पहिल्या दिवसापासून विचारायचं होतं. अर्जात तर विचित्रच मजकूर होता. 'अर्जदाराचा दाव्याशी संबंध' यापुढे लिहिलं होतं, 'साक्षीदाराची मुलगी'. 'नक्कल कशासाठी हवी' यापुढे लिहिलं होतं, 'ऐकायची आहे'.

आमचे अधीक्षक म्हणाले, असं कारण चालत नाही. परक्या माणसाला नक्कल हवी तर कारण पटण्याजोगं पाहिजे.

"मग काय लिवू?" सिस्टर म्हणाल्या.

"खाजगी कामासाठी, असं लिहा."

"खाजगी न्हाय ओ ते. साऱ्या गावाला ठावं हाय."

शेवटी मीच 'खाजगी काम' असं लिहून दिलं आणि त्यांनी सही केली. पण ते 'सारं गाव' माझ्या डोक्यात राहिलं. एका सोमवारी दुपारच्या सुट्टीत त्या आवारातल्या लिंबाखाली भाकरीचं फडकं सोडून बसल्या होत्या. मी डबा घेऊन शेजारी गेलो. त्यांनी माझ्या डब्यातलं लोणचं काढून बाजूला ठेवलं आणि मग सांगितलं.

त्यांची आई गावची सुईण. वस्ती गावकुसाबाहेर, पण बाळंतपणाला बोलावणं वाड्यातूनही यायचं. गावात एका मोठ्या घरात दोघे भाऊ होते. धाकटा भाऊ अचानक वारला, तेव्हा त्याची बायको पोटुशी होती. गाव तिला धाकली म्हणायचं. धाकली बाळंत झाली ती सिस्टरच्या आईच्या हातून. मुलगा झाला. पण दाराबाहेर बसलेल्या बायकांना मुलाचं रडणं ऐकू आलं नाही. थोरल्या भावाने उठवलं की, मूल मेलेलंच जन्मलं आणि सुईणीने कुठून तरी दुसरं पोर आणून कुशीत ठेवलं. पुढे काही वर्षांनी, जमिनीचा वाटा जाऊ नये म्हणून दावा झाला. आईची साक्ष झाली. दावा धाकलीच्या बाजूने लागला, मुलाला बापाचा वाटा मिळाला.

"आन् आमच्या आयला नाव मिळालं," सिस्टर म्हणाल्या. "लुगडं घेऊन पोर बदलली, खोटी साक्ष दिली."

"पण कोर्टाने तर खरी मानली ना?"

"कोर्टानं मानली. गावानं न्हाय."

मी विचारलं, आईला कधी विचारलं नाही का? त्या हसल्या. विचारलं होतं म्हणे, परकर-पोलक्याच्या वयात. आईने एक ठेवून दिली आणि म्हणाली, "कोर्टात सांगितलंय एकदा. सारकं सारकं किती सांगू?" पुढे कधी ती त्यावर बोलली नाही. सिस्टरना नोकरी लागली त्याच साली गेली.

"म्हून कोर्टात आले," सिस्टर म्हणाल्या. "तिनं पत्ता दिलाच हुता की."

मग भाकरीचा तुकडा मोडत त्या हलक्या आवाजात बोलल्या. "लुगडं आमच्या घरात आलं व्हतं, भाऊसाहेब. हिरवं. मला आठवतंय. पर ते बारशाला आलं का साक्षीच्या आदी आलं, ते आठवत न्हाय. मी ल्हान व्हते. समदं इस्कटून गेलंय. खोटं बोलली असंल तर बी मला तिच्याच तोंडचं पायजे."

सगळ्या नोकरीत त्यांनी एक रिवाज पाळला होता. केंद्रात एकच बाळंतीण असली, दुसरं पोर पंचक्रोशीत नसलं, तरी बाळ जन्मल्याबरोबर त्याच्या मनगटाला आईच्या नावाची चिकटपट्टी लावायची. डॉक्टर हसायचे. तरीही एका सासूने सुनेला त्यांच्या हाताखाली बाळंत होऊ दिलं नाही. "हिच्या आयनं पोर बदललं हाय," असं दारातच म्हणाली. हे सांगतानाही सिस्टर हसतच होत्या. मला मात्र डबा संपवता आला नाही.

मी इंदापूरचं रेकॉर्ड उलटंपालटं केलं. त्या सुमाराच्या नोंदवह्यांत धाकलीच्या नावाचा दावा काही मिळाला नाही. सिस्टर यायच्या, नाडी बघायच्या, जायच्या. तेवढ्यात माझी बदली बारामतीला झाली. निरोपाला सगळे आले, सिस्टर आल्या नाहीत. मला जरा लागलं. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी बारामतीच्या खिडकीतून मी हात बाहेर काढला आणि तो ओळखीच्या बोटांत गेला.

"बदली झाली व्हय तुमची?" सिस्टर म्हणाल्या. "मग मी बी आले बदलून."

उसाचा हंगाम होता. कारखान्याला निघालेल्या बैलगाड्यांमागे एसटी रखडत यायची आणि त्या घामाघूम होऊन पोचायच्या. मी म्हणालो, सिस्टर, मी आता इथे आहे, इंदापूरचं काम इथे कसं होणार? त्या म्हणाल्या, मानूस शोधनारा असला की झालं, कागद काय कुटं बी असतो. हे बोलणं कायद्याच्या दृष्टीने चूक होतं, पण योगायोगाने ते खरं ठरलं.

त्याच दिवसांत वरून हुकूम आला होता की, जुनं रेकॉर्ड छाननी करून नष्ट करावं. निकाल तेवढे जपायचे, साक्षीपुराव्याचे कागद मुदत संपली की जाळायचे. तुम्ही म्हणाल, असं कसं जाळतात? खोल्या अपुऱ्या पडतात हो, आणि वाळवी आमच्याआधीच कामाला लागलेली असते. पण ही गोष्ट सिस्टरपासून लपवणं मला जमलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. घड्याळाकडे बघितलं, जणू कुणाची नाडी हातात होती.

"आता घाई हाय, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

समोरच्या टपरीवर चहा घेताना मी त्यांना सहज म्हणालो, "धाकलीने दावा केला, त्याला किती वर्षं..."

"धाकलीनं कुटं केला? थोरल्यानं केला. धाकलीवर केला."

मी कप खाली ठेवला. कोर्टाच्या नोंदवहीत दावा चढतो तो वादीच्या नावावर, म्हणजे ज्याने केला त्याच्या. अर्जात सिस्टरनी नाव लिहिलं होतं धाकलीचं आणि शोध चालला होता त्याच नावाने.

"अहो, मग अर्जात थोरल्याचं नाव का नाही लिहिलं?"

सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. "सारं गाव धाकलीचा दावाच म्हनतंय की. हरला त्येचं नाव कोन ठेवतंय?"

गावाच्या आणि कोर्टाच्या बोलण्यात एवढाच फरक, पण त्यात त्यांच्या कितीतरी एसटीच्या खेपा गेल्या होत्या. आम्ही दोघंही टपरीवर हसत सुटलो.

थोरल्याच्या नावाने नोंद लगेच लागली. दावा इंदापूरला दाखल, मग बारामतीला वर्ग. निकालावर पुण्याला अपील झालं होतं, त्यामुळे कागद तिकडे जाऊन उशिरा परतले होते आणि भलत्याच सालाच्या गठ्ठ्यात बांधले गेले होते. म्हणूनच ते वाचले. आमच्या हमालाने मांडणीवरून गठ्ठा काढला, धूळ झटकली आणि शिंकला. सिस्टर त्याला म्हणाल्या, "तोंडाला फडकं बांधत जावा." आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

नक्कल तयार व्हायला दिवस लागले असते. मी त्यांना मूळ कागद माझ्यासमोर वाचायला परवानगी मिळवून दिली. खिडकीशी, उजेडात, स्टुलावर त्या बसल्या. चष्मा पुसला. मला म्हणाल्या, "तुमी वाचा. ऐकायलाच आलीया."

मी वाचू लागलो. साक्षीदाराचं नाव, नवऱ्याचं नाव, वय अंदाजे, धंदा मोलमजुरी.

"मजुरी?" सिस्टरनी मला थांबवलं. "निम्मं गाव तिच्या हातावर जल्मलं, आन् मजुरी?"

मी पुढे वाचलं. 'मी शपथेवर सांगते की, प्रतिवादी नंबर एक हीस मी बाळंत केले. मूल जन्मतः रडले नाही. तथापि नाळेस नाडीप्रमाणे उडी होती.'

"ही आमची आय न्हाय," सिस्टर म्हणाल्या. "आमची आय कंदी 'तथापि' म्हनली न्हाय."

मी समजावलं. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो आणि लिहिणारा कारकून ते आपल्या भाषेत लिहून घेतो, आम्ही आजही तसंच करतो. त्यांनी मान हलवली. पण चेहरा उतरला होता. एवढ्या लांब येऊन दारात दुसरंच माणूस उभं दिसावं तसा. मग त्यांनी हात पुढे केला. "द्या हिकडं."

कागद डोळ्यांजवळ धरून आधी त्यांनी मनात वाचलं. मग मोठ्याने बोलू लागल्या, आणि बोलल्या ते कागदावर नव्हतं.

"प्वार रडलं न्हाय. पर नाळ उडत व्हती. मी दोन बोटात धरून बसले. बाया म्हनल्या, मेलं, आवर आता. मी म्हनलं, उडतंय अजून. उडायची थांबंस्तवर मी इळा लावला न्हाय. मग प्वार रडलं. बारीक रडलं. दाराम्होरं ऐकू गेलं नसंल."

ओळीओळीला त्या कारकुनाची भाषा काढून टाकत होत्या आणि तिथे आईची ठेवत होत्या. हमाल गठ्ठे उचलायचं सोडून उभा राहिला. मीही. त्या खोलीत मी अनेक साक्षी वाचल्या आहेत, पण साक्षीदाराला बोलताना तेवढं एकदाच ऐकलं.

"खरं हाय हे," सिस्टर मला म्हणाल्या. आता त्या नर्स होत्या. "आय अशीच करायची. आमाला ट्रेनिंगला शिकवलं, लगीच चिमटा लावा आन् कापा. मी घरी येऊन तिला शिकवाय गेले, तर म्हनली, उडतंय तवर कापू नये गं, त्येचं त्येला पुरतं मिळू द्यावं. बनवून सांगनारीला हे सुचायचं न्हाय."

पान उलटलं. उलटतपास सुरू झाला. त्या दोन ओळींवर थांबल्या आणि कागद माझ्याकडे दिला. "म्होरचं तुमीच वाचा," म्हणाल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या.

'प्रतिवादी नंबर एक हिने मला लुगडे दिले हे खरे आहे,' मी वाचलं. सिस्टरनी डोळे मिटले. मी थांबलो नाही. 'मूल जगल्यास सुईणीस बारशाचे दिवशी लुगडे देण्याचा रिवाज आहे. मेल्यास देत नाहीत व सुईण घेत नाही. वादीच्या मुलांचेही लुगडे मी घेतलेले आहे. प्रतिवादीने दिलेले लुगडे तेच मी आज नेसून आले आहे. साहेबांनी पाहावे.'

त्याच्या खाली, समासात, कोर्टाची नोंद होती. 'साक्षीदाराच्या अंगावरील लुगडे हिरवे असून बरेच जुने, विटलेले व ठिगळ लावलेले दिसते.'

सिस्टरनी डोळे उघडले. मग त्यांना हसू आलं. "नेसून गेली," त्या म्हणाल्या. "म्हातारी तेच नेसून गेली कोर्टात." हसता हसता त्या रडायला लागल्या आणि मला आनंद झाला. अगदी खरं सांगतो, नोकरीत एवढा आनंद मला बढतीनेही झाला नव्हता.

साक्षीच्या शेवटी लिहिलेलं असतं, 'वाचून दाखविले, बरोबर आहे.' त्याखाली आईचा अंगठा होता. शाई फिकी झाली होती. सिस्टरनी त्यावर तीन बोटं ठेवली, माझ्या मनगटावर ठेवायच्या तशी, आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. घड्याळाकडे मात्र बघितलं नाही.

नक्कल मिळाली तेव्हा वाटलं, आता यांचं येणं संपलं. पण सोमवार चुकला नाही. "काम झालं की हो तुमचं," मी म्हणायचो. "माझं झालं. तुमचा चा कुटं कमी झालाय?" असं उत्तर मिळायचं.

एका सोमवारी तर त्या चक्क हिरवं लुगडं नेसून आल्या. कोरं करकरीत, आणि त्यावर उलटं टाचलेलं घड्याळ. सगळ्या ऑफिसने माना वर केल्या. मी चिडवलं, "काय सिस्टर, आज कुणाचं बारसं?"

"दिलंय एकानं," त्या म्हणाल्या. "घ्यावं लागतं. रिवाज हाय." पुढे काही सांगितलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी खिडकीशी आलेल्या प्रत्येकाची नाडी बरी ठरवली.

नंतर एका सोमवारी त्या आल्या नाहीत. पुढच्याही नाही. एसटी आली की मी दाराकडे बघायचो. पत्ता अर्जावर होता, पत्र टाकावं असं मनात यायचं, आणि टाकायचं भय वाटायचं.

पावसाळा सरता सरता एक पन्नाशीचा शेतकरी खिडकीशी आला. फेटा, दणकट बांधा, हातात नीट घडी घातलेला अर्ज. मी दाव्याचं नाव वाचलं आणि खुर्चीतून उठलो.

"सिस्टर कुठं आहेत?" मी विचारलं.

"गेल्या," तो म्हणाला. "झोपेतच. त्रास न्हाय झाला." मग म्हणाला, "मी धाकलीचा. त्यांनी आमच्या घरी येऊन वाचून दाखवलं व्हतं. माझी नातवंडं म्होरं बसली व्हती. जल्मभर लोकं पाठीमागं काय म्हनत्यात ते मला ठावं व्हतं, पर इचारायचं कुनाला? आय तर कवाच गेलेली. वाचून झालं आन् मी दुकानात जाऊन लुगडं आनलं. त्यांच्या आयच्या नावानं दिलं. न्हाय म्हनल्या न्हाईत."

मी अर्ज बघितला. 'नक्कल कशासाठी हवी' हा रकाना कोरा होता.

"तिथं काय लिवायचं कळंना," तो म्हणाला. "माझ्या जल्माचा दुसरा दाखला न्हाय. तेवढा एकच हाय."

मी म्हणालो, तुम्हाला कारण लिहायची गरज नाही. तुम्ही पक्षकार आहात. प्रतिवादी नंबर दोन, अज्ञान, म्हणजे तेव्हा वयात न आलेले. तो गठ्ठा अजून नाश करायच्या यादीत आला नव्हता. कसा आला नव्हता, ते मी तुम्हालाही सांगणार नाही.

सही करायला त्याने खिडकीतून हात आत घातला. मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्याचं मनगट धरलं. तो दचकला नाही. त्यालाही बहुधा सवय लागली होती. मला नाडीतलं काही कळत नाही आणि माझ्याकडे ते घड्याळही नव्हतं. पण बोटांखाली उडत होतं. मी धरून उभा राहिलो.